उसनं ध्येय कसं ओळखावं: खानदेशातल्या पोरापोरींसाठी

लग्नाच्या पंगतीत, एसटी स्टँडवर, गिरणीत दळणाला थांबलेलं असताना आपल्याकडे तरुण पोराला एकच प्रश्न येतो: "आते काय करी राह्यना?" चालतील अशी उत्तरं थोडीच आहेत. "एमपीएससी करतोय." "भरतीची तयारी." "पुण्याला कंपनीत." "सुरतला काकाकडे." यातलं एक सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि विषय वांग्याच्या भाजीवर जातो. दुसरं काही सांगितलं की उलटतपासणी सुरू. म्हणून आपण चालणारं उत्तर देतो, परत परत देतो, आणि दोनेक वर्षांत ते उत्तरच आपलं ध्येय होऊन बसतं.

मी अमळनेर तालुक्यातली. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये राहून आले, आता इथे पतसंस्थेत नोकरी करते आणि संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे असते. तिथे येणाऱ्या पोरापोरींसोबत बसून, बोलून जी रीत तयार झाली ती इथे लिहिते आहे. आधी ती स्वतःवर वापरली, मगच दुसऱ्यांना सांगायला लागले.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. ध्येय दुसऱ्याकडून आलं म्हणून ते परकं ठरत नाही. सगळीच दुसऱ्याकडून येतात. आईच्या पोटातून कोणी "मला पीएसआय व्हायचंय" म्हणत येत नाही. आलेलं ध्येय आपण उलटसुलट करून, किंमत विचारून ठेवून घेतलं का, एवढंच बघायचं असतं. तपासल्यावर तेच राहिलं तर छानच. अभ्यासिकेत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं तेच राहतं, फक्त त्यांची चिडचिड कमी होते.

आधी जमवायच्या गोष्टी

- शंभर पानी वही आणि पेन. मोबाईलवर लिहू नका. दोन ओळींनंतर रील बघत बसाल.
- गेल्या तीन महिन्यांचे बँकेचे आणि यूपीआयचे व्यवहार, आणि मोबाईलचा स्क्रीन टाइम. आपल्याला काय आवडतं हे आपण तोंडाने एक सांगतो, पैसा आणि वेळ दुसरंच सांगतात.
- ज्या परीक्षेची किंवा भरतीची तयारी करताय तिची मूळ जाहिरात. क्लासची पत्रिका किंवा व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो चालणार नाही.
- घरचा सातबारा आणि सोसायटीच्या कर्जाचा आकडा. हो, सातबारा. आपल्या नावावर किती क्षेत्र येणार, त्यावर बोजा किती, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, हे माहीत नसताना "मी शेती करणार नाही" म्हणणारेही भेटतात आणि "मी शेतीच करणार" म्हणणारेही.
- असा एक माणूस, ज्याला तुमच्या निर्णयातून ना फायदा ना तोटा. मामा नको. क्लासचे सर नकोत, त्यांची फी तुमच्यावर आहे. ज्याच्याशी लग्न ठरतंय तोही नको. दुसऱ्या तालुक्यातला जुना वर्गमित्र, निवृत्त शिक्षिका, ग्रंथपाल, असं कोणी शोधा.

आणि जागा घराबाहेरची. घरात वही उघडली की माय विचारते "काय लिहितेस गं?" आणि त्या क्षणापासून आपण तिच्यासाठी लिहायला लागतो.

पायरी 1: सगळं उतरवा, पण कारणं लिहू नका

पहिल्या बैठकीत फक्त यादी करा. नोकरी, लग्न, पुण्यात फ्लॅट, बुलेट, घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, वजन कमी करणं, गाणं शिकणं, आबांचं गुडघ्याचं ऑपरेशन. मोठं-छोटं करू नका. लाज वाटते तेही लिहा.

कारण मात्र लिहू नका. 1993 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ टिमथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना भिंतीवर लावायला एक पोस्टर निवडून घरी न्यायचं होतं. काहींना निवडण्याआधी कारणं लिहायला लावली, काहींनी नुसतं निवडलं. काही आठवड्यांनी विचारलं तर कारणं लिहिलेले विद्यार्थी आपल्या निवडीवर कमी खूश होते. कारण मागितलं की माणूस सांगायला सोपं कारण शोधतो आणि मग त्या कारणाला साजेशी निवड करतो. आपल्याकडे तर कारणं तयारच असतात: सेक्युरिटी, पेन्शन, समाजात मान. ती पहिल्याच दिवशी वहीत शिरली की पुढचं काही दिसत नाही.

यादी झाली की वही चार दिवस बंद ठेवा.

पायरी 2: पहिल्यांदा कोणाकडे पाहून वाटलं?

प्रत्येक ध्येयापुढे एका माणसाचं नाव लिहायचं. फ्रेंच विचारवंत रेने जिरार्ड यांनी हयातभर हेच मांडलं की माणूस वस्तू थेट मागत नाही, दुसरा ती मागतोय हे बघून मागतो. हे पटवून घ्यायला फार लांब जायला नको. एखाद्या गल्लीतला एक पोरगा पोलीस भरतीत लागतो, आणि पुढच्या हिवाळ्यात पहाटे पाचला त्या गल्लीतली दहा पोरं डांबरी रस्त्यावर पळायला लागतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक, मग शंभर मार्कांचा लेखी पेपर, सगळ्यांना तोंडपाठ. त्यांच्यापैकी एखाद्यालाच बंदोबस्त, रात्रपाळी, बदली यात रस असतो. बाकीच्यांना त्या पहिल्या पोराचं काहीतरी हवं असतं. काय हवं असतं, ते लिहायचं.

नाव लिहिल्यावर खाली दुसरी ओळ: "याच्याकडचं नेमकं काय?" त्याची वर्दी? त्याचा पगार दर महिन्याला एका ठरलेल्या तारखेला येतो ते? त्याच्या बापाला आता पारावर जागा करून देतात ते? की त्याचं लग्न पटकन जमलं ते? ही शेवटची गोष्ट पोरं सहसा बोलत नाहीत, पण वहीत सर्रास सापडते. मुलीकडच्यांना शेती हवी आणि शेतकरी नको, हे इथल्या प्रत्येक घरात अनुभवून झालंय. मग वहीत तसंच लिहा: "मला लग्न करायचंय." "मला पोलीस व्हायचंय" याच्यापेक्षा हे वेगळं ध्येय आहे, आणि त्याला वाटाही जास्त आहेत.

इथे एक अडचण येते. ज्यांनी आयुष्यात नोकरदार म्हणून फक्त आश्रमशाळेचे सर पाहिलेत, त्यांच्या यादीत शिक्षकच येणार. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरून आलेल्या पोरांशी बोलताना हे फार जाणवतं. जे पाहिलंच नाही ते मागणार कसं? म्हणून या पायरीवर थोडं फिरून घ्या. भुसावळला रेल्वेत लोको पायलट सोडून किती प्रकारची कामं आहेत, जळगावच्या डाळमिलमध्ये मशीन कोण सांभाळतं, ठिबकचं डिझाईन कोण काढून देतं, नंदुरबारच्या मिरचीच्या हंगामात पैसा नेमका कोणाकडे राहतो, हे विचारत सुटा. वही घेऊन गेलात की लोक उलट जास्त सांगतात.

पायरी 3: ध्येय आहे की ढाल आहे?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बहुतेक गुंता इथेच असतो.

आपल्याकडे पदवी झालेल्या मुलीला लग्न पुढे ढकलायचं असेल तर घरात मान्य होणारं कारण एकच: "परीक्षेचा अभ्यास चालू आहे." "मला अजून लग्न करावंसं वाटत नाही" याला कारण समजलं जात नाही, तो हट्ट ठरतो. मग मुलगी फॉर्म भरते. मीही भरला होता. ढाल म्हणून ती फार कामाची आहे, मला तिने दोन स्थळांपासून वाचवलं, आणि त्याबद्दल मला काडीचाही पस्तावा नाही. फक्त हातात ढाल आहे हे ठाऊक असावं. ते विसरलं की काय होतं, तर मुलगी पूर्वपरीक्षेत दोन मार्कांनी राहते आणि महिनाभर रडते. मनातून तिला ती पोस्ट नकोच होती, तिला तो वेळ हवा होता आणि तो तिला मिळालेला असतो. जे मिळालं त्याचा हिशेब ती लावतच नाही.

पोरांचीही ढाल असते. "अभ्यास चालू आहे" म्हटलं की कापूस वेचायला, फवारणीला, रात्रीच्या लाईटीला पाणी भरायला कोणी हाक मारत नाही. बापाशी पटत नाही म्हणून पुण्याला गेलेले, गावातल्या एका भांडणातून निघून गेलेले, प्रेम तुटलं म्हणून तिथल्या क्लास-अभ्यासिकांच्या शास्त्री रोडवर खोली घेतलेले, असे सगळे अधिकारी व्हायला निघालेले असतात. जाण्याला हरकत नाही. पण वहीत "गावातून काही दिवस लांब राहायचं आहे" असं स्वच्छ लिहिलं, तर त्यासाठी राज्यसेवाच द्यावी लागते का, हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

ढाल ओळखायची खूण सांगते. परीक्षा पुढे ढकलल्याची बातमी आली की तुमच्या पोटात काय होतं ते बघा. "अरे देवा, अजून सहा महिने" असं वाटलं तर तुम्हाला ती पोस्ट हवी आहे. सुटल्यासारखं वाटलं, आणि तेही दर वेळी, तर ढाल आहे. हे ज्याचं त्यालाच कळतं, म्हणून बाकी कोणाला सांगायची गरज नाही.

ढाल सापडली तर ती लगेच टाकून देऊ नका. दुसरी सोय होईपर्यंत धरा. मात्र तिच्यावर आबांचे पैसे किती जातात याचा आकडा वहीत लिहून ठेवा.

पायरी 4: फ्लेक्स काढून टाका

डोळ्यांसमोर आणा: तुमची निवड झाली. चौकात फ्लेक्स लागला नाही. सत्कार नाही, शाल-नारळ नाही, स्टेटस नाही, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या आत्यांना कळलंही नाही. काम तेच, पगार तोच. अजून हवंय?

उत्तर "नाही" आलं तर लगेच स्वतःला ढोंगी म्हणू नका. मान हवा असणं ही वाईट गोष्ट नाही. ज्या घराला पिढ्यानपिढ्या कचेरीत उभं ठेवलं गेलं त्या घरातल्या पोराला खुर्ची हवीशी वाटते, यात उसनं काही नाही. फक्त मानासाठी किती वर्षं द्यायची ते ठरवा, कारण फ्लेक्स पहिल्या पावसात फाटतो आणि नोकरी तीस वर्षं करायची असते.

बक्षिसाचा आणखी एक घोळ असतो. 1973 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत, चित्रं काढायची मनापासून आवड असलेल्या मुलांपैकी काहींना "चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ" असं आधी सांगितलं गेलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांच्या मानाने निम्म्याच्या आसपास वेळ चित्रात रमली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे आवड आपलीच असते, पण तिला आधीपासून बक्षिसाचं दावं बांधलं की ती बक्षिसाची होते. ज्या पोरीला इतिहास वाचायला खरंच आवडायचा तिला क्लासच्या टेस्ट सिरीजनंतर तो बघवत नाही, हे मी अभ्यासिकेत नेहमी बघते. तिचं ध्येय खोटं नव्हतं. तिला चार महिने मार्कांशिवाय वाचू द्या, मग विचारा.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. दळताना, शेतात राबताना त्या ओव्या रचत गेल्या, आणि मुलगा सोपानदेव व नात्यातल्या एकाने त्यातल्या काही उतरवून घेतल्या म्हणून त्या उरल्या. 1951 साली बहिणाबाई गेल्या, पुस्तक छापलं 1952 मध्ये. ज्या बाईने एकाही सत्काराची वाट न बघता हे केलं, तिचं नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे. तुमच्या यादीत असं काही आहे का, जे कोणी बघत नसतानाही तुम्ही करताच? स्क्रीन टाइम आणि पासबुक इथे उघडायचं. असेल त्याच्याभोवती गोल करा. त्यातून पोट भरेलच असं नाही, पण तो गोल खोडू नका.

पायरी 5: बुधवार बघून या

ध्येयाचा निकालाचा दिवस सगळे मनात बघतात. तुम्ही त्याचा एक साधा बुधवार बघा. (मंगळवार सुचवणार होते, पण आमच्या अमळनेरात मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या गर्दीत कुठलाच दिवस साधा राहत नाही.)

तलाठी व्हायचंय? ओळखीतून एखाद्या तलाठी कार्यालयात सकाळपासून बसा. वारस नोंदीसाठी भांडत आलेले दोन भाऊ, पंचनाम्याच्या वेळी "माझंच नुकसान कमी का लिहिलं" म्हणणारे, सर्व्हर बंद, वरून फोन. बँकेत जायचंय? महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काउंटरच्या बाजूला उभं राहा. आधुनिक केळीबाग करायची म्हणून रावेर-यावलकडे बघताय? तर मे महिन्यातल्या वादळानंतर आडवी झालेली बाग आणि त्या घरातला दुसरा दिवस बघून या. पुण्यात आयटीत जायचंय तर तिथल्या चुलतभावाच्या खोलीवर शनिवार-रविवार घालवू नका, तो सुट्टीचा पुणेकर असतो. मधल्या वारी जा.

परत येताना तीन ओळी लिहा: कशाचा कंटाळा आला, कशात वेळ कसा गेला कळलं नाही, कशाची भीती वाटली. दिवसातला बराचसा कंटाळा तुम्हाला चालण्यासारखा असेल तर ते ध्येय धरायला हरकत नाही. कंटाळा नसलेलं काम मला तरी अजून कुठे दिसलेलं नाही.

पायरी 6: चार रकाने

आता कारणं लिहायची वेळ. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातले एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणूस काम का करतो याची जी विभागणी केली, ती मी आपल्या बोलीत चार रकान्यांत आणली आहे.

धाक: नाही केलं तर कोणीतरी शिक्षा करेल, किंवा केलं तर काहीतरी हाती पडेल.
लाज: कोणी काही म्हणणार नाही, पण मलाच तोंड दाखवायला जड जाईल.
पटलंय: करायला गोड नाही, पण हे व्हायला हवं असं मला स्वतःला वाटतं.
गोडी: करतानाच बरं वाटतं.

प्रत्येक ध्येय एका रकान्यात टाका. दोन रकान्यांत पडलं तर दोन्हीकडे लिहा.

पोरं चुकतात ती इथे: त्यांना वाटतं, फक्त "गोडी"तलं ध्येय आपलं. तसं नाही. "पटलंय" हेही पूर्ण तुमचं. बहिणीच्या लग्नासाठी काढलेलं कर्ज फेडायचं, आबांच्या नावावरचा बोजा उतरवायचा, धाकट्याचं आयटीआय पूर्ण करायचं. यात गोडी कसली? पण तुम्ही ते समजून उचललं असेल तर ते उसनं नाही. "आवडीचंच करा" म्हणणारे मोटिवेशनवाले ज्या घरात वाढले त्या घरावर सोसायटीची नोटीस चिकटलेली नसावी.

जपायचं ते लाजेच्या रकान्यापासून. तो सगळ्यात फसवा, कारण धाकाचा आवाज बाहेरून येतो, लाजेचा आपल्याच आवाजात येतो. "मला अधिकारी व्हायचंच आहे" आणि "मी अधिकारी झालो नाही तर काय तोंड दाखवू" ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. कुठलं जास्त वेगाने आणि जास्त खरं निघतं?

आणि एक सापळा, ज्यात हुशार पोरं पडतात. आबा म्हणतात इंजिनिअर हो, म्हणून इंजिनिअरिंग सोडून काहीही. घरचे शेती नको म्हणतात म्हणून शेतीच. नीट बघा, दोन्हीकडे निर्णय आबांच्याच वाक्यावरून निघालाय. आबांनी उद्या मत बदललं तर तुमचं ध्येय टिकेल का, एवढं विचारा.

पायरी 7: तारीख आणि आकडा

ही पायरी थोडक्यात. राहिलेल्या ध्येयांपुढे दोन गोष्टी लिहा: कुठल्या तारखेपर्यंत, आणि किती रुपयांपर्यंत.

तारीख ठरवताना नियमातली वयोमर्यादा आणि तुमची मर्यादा वेगळी ठेवा. पोलीस शिपाई भरतीला खुल्या गटात 28 वर्षांपर्यंत, मागासवर्गीयांना 33. यूपीएससीला खुल्या गटात 32 वर्षं आणि सहा प्रयत्न, ओबीसींना 35 आणि नऊ. राज्यसेवेला खुल्या गटात 38, मागासवर्गीयांना 43. अडतीस हा आकडा दिसला की पोरं निवांत होतात. आयोग तुम्हाला 38 पर्यंत बसू देतो, म्हणून तुम्ही तिथपर्यंत बसलंच पाहिजे असं नाही. यूपीएससीच्या 2023 च्या नागरी सेवा परीक्षेतून देशभरातून 1016 जणांची शिफारस झाली होती. अर्ज लाखोंनी असतात. जाहिराती बदलतात, म्हणून दर वेळी मूळ जाहिरात बघा.

रुपयांचा आकडा घरच्यांसमोर बसून काढा. खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, येण्या-जाण्याचं भाडं. शिवाय तुम्ही घरी नसल्यामुळे जी मजुरी बाहेर द्यावी लागते तीही.

पायरी 8: घरी सांगणं

वहीतलं काही बदललं असेल तर कधी ना कधी घरी बोलावंच लागतं. वेळ निवडा. कापसाची गाडी विकून आल्याच्या रात्री नको. भाव मनासारखा नसतो. कानबाईच्या रोटांना भाऊबंद जमलेले असताना नको. मामांच्या समोर तर नकोच, कारण मग आबांना तुमच्याशी बोलताच येत नाही, त्यांना मामांशी बोलावं लागतं.

सकाळी शेतात, दोघंच असताना बरं. बोलणं साधारण असं जातं:

"आबा, पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरत नाहीये."
"मंग काय करशी?"
"मायक्रो इरिगेशनचं काम शिकतोय. मार्चपर्यंत बघतो. खर्च एवढा आहे."

आणि मग थोडा वेळ गप्प राहून ते खरं वाक्य येतं: "मंग लोकेसले काय सांगू मी?"

त्यांची अडचण बऱ्याचदा इतकीच असते. त्यांनाही पंगतीत तोच प्रश्न येतो. तेव्हा त्यांच्यासाठी एक उत्तर तयार करून न्या, एका दमात सांगता येईल असं, आणि खोटं नसलेलं. "ठिबकच्या कामात आहे, जळगावला शिकतो." ते हाती दिलं की निम्मं घर शांत होतं. मुलींना आबांशी बोलायच्या आधी मायेशी बोलून घ्यावं लागतं; माय बाजूला असेल तर घरातला आवाज वर जात नाही. मायेला मात्र ढालीबद्दलही सांगून टाका. तिला बहुतेक आधीच माहीत असतं.

लगेच "हो" आलं नाही तर वहीतली तारीख आणि आकडा दाखवा. भावना दाखवून वाद वाढतो, आकड्यावर घासाघीस तरी होते.

पायरी 9: दर आखाजीला उजळणी

सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल आपल्याकडे आखाजीला संपतं. हिशेब होतो, मालक आणि सालदार दोघं पुन्हा ठरवतात: अजून एक वर्ष, की राम राम. दुसऱ्याच्या ध्येयासाठी राबणारा माणूस सालदाराहून वाईट सौद्यात असतो. सालदाराला निदान जमीन कोणाची हे ठाऊक असतं आणि वर्षाला हिशेब मागायचा हक्क असतो. तोच हक्क स्वतःला द्या. आखाजीच्या आसपास वही काढा, प्रत्येक ध्येयापुढे "पुन्हा साल" किंवा "राम राम" लिहा.

"एकदा ठरवलं की मागे फिरायचं नाही" असं सांगणारे भेटतील. साने गुरुजी कोकणातले; तत्त्वज्ञान शिकायला अमळनेरला आले, 1924 साली इथल्या शाळेत शिक्षक झाले, जीव ओतून शिकवलं, आणि 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. सोडलं म्हणून आधीचं शिकवणं कोणी उसनं म्हणत नाही. ध्येय आपलं असतं आणि त्याचं साल संपतं, असंही होतं.

आता, ही वही कोणी सध्या उघडू नये ते सांगते. ज्यांची परीक्षा दोन महिन्यांवर आहे त्यांनी आधी पेपर द्या. पायरी 3 वाचून अभ्यास सोडायला चांगलं निमित्त मिळतं. नुकताच निकाल लागून नाव न आलेल्यांनीही थांबा, त्या आठवड्यात प्रत्येक ध्येय परकं वाटतं. घरात दुःख झालंय, बापाला अटॅक येऊन गेलाय, तेव्हाही नको. आणि रात्र रात्र झोप लागत नाही, जेवण जात नाही, जगण्यातच अर्थ वाटत नाही असं असेल तर हा ध्येयाचा प्रश्न नाही. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन मोफत लागतो, मराठीत बोलतात. आधी तो लावा. वही नंतरही मिळेल, कुठल्याही दुकानात.